अंबुबाईची अळंब्यांची बुट्टी

मित्रांनो, माझ्या काठाची बांबूची कामटी एका बाजूनं सुटली आहे आणि बूड दोनदा सुतळीनं शिवलं आहे. तरी मी अजून बुट्टीच आहे. गुंजी स्टेशनापासून रूळ ओलांडून जंगलाच्या अंगाला गेलं की दहा-बारा घरांची एक वाडी लागते. तिथं अंबुबाईच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं. मी तुम्हाला जे सांगणार आहे ते सुखाचं नाही. पण ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून मीच सांगितलं पाहिजे.

मला ज्योतिबा बुरुडानं विणलं. त्यानं ओल्या बांबूच्या कामट्या काढल्या, त्या सुरीनं घासून गुळगुळीत केल्या आणि दोन दिवसांत मला उभं केलं. अंबुबाई त्याच्यासमोर बसून होती.

"दाट विणू नको ज्योतिबा," ती म्हणाली. "पाणी गळाय पायजे, आन् अळंब्याचं बी वाटंत सांडाय पायजे."

"फटीतनं बारकी अळंबी बी गळतील की, आक्का."

"गळू देत. जंगलातलं जंगलात ऱ्हाईल."

म्हणून माझ्या अंगाला फटी आहेत. भाजीवाल्या बायकांच्या बुट्ट्यांना असतात त्यापेक्षा थोड्या मोठ्या.

आषाढ लागला की आमचं काम सुरू व्हायचं. अंबुबाई उजाडायच्या सुमारास पाऊस लागू नये म्हणून डोक्यावर घोंगतं घ्यायची, कमरेला खुरपं खोवायची आणि मला काखेत मारून निघायची. जंगलातली वारुळं तिला आपल्या घराच्या कोनाड्यांसारखी ठाऊक होती. कुठल्या वारुळावर कधी अळंबी फुटतात, हे ती वास घेऊन सांगायची. वारुळावरच्या अळंब्याच्या टोपीला मधोमध टोक असतं. देठ सरळ जमिनीत जातो आणि खाली उंदराच्या शेपटीसारखं लांब मूळ होऊन वारुळाच्या पोटात उतरतो. अंबुबाई आधी एकाच अळंब्याभोवती खुरप्यानं हळूच माती काढायची, मूळ वारुळात गेलेलं बघायची आणि मगच बाकीच्यांना हात लावायची.

बाजारातल्या लोकांना ही मोठी अळंबीच तेवढी माहीत होती. अंबुबाईला इतरही ठाऊक होती. भाताच्या शितांएवढी बारीक पांढरी अळंबी वारुळाशेजारी हजारांनी उगवायची. ती वेचायला सकाळ पुरायची नाही आणि भाजी मात्र चार घास व्हायची. बोराएवढी गोल अळंबी मातीत अर्धी रुतलेली असायची. ती घरी आणून अंबुबाई एकेक मधोमध कापायची. आत लोण्यासारखं पांढरं निघालं तर पातेल्यात, काळं निघालं तर उकिरड्यावर. आणि कापल्यावर आत चिमुकल्या छत्रीचा आकार दिसला, तर ती ते अळंबं फेकून द्यायची आणि सुरीसुद्धा राखेनं घासायची. "ह्यो गोळा न्हवं," ती सांगायची. "ही विषाच्या छत्रीची कळी हाय. अजून उमलली न्हाय एवढंच."

गावठाणातल्या गवतात मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या यायच्या. देठावर बांगडीसारखं कडं असायचं आणि उमलल्यावर त्या खालून हिरवट पडायच्या. त्या खाल्ल्या की माणूस दिवसभर ओकायचा. पण अंबुबाई सगळ्यांत भ्यायची ती एका वेगळ्याच अळंब्याला. ते झाडांच्या सावलीत यायचं, दुधासारखं पांढरं आणि दिसायला फार देखणं. त्याच्या देठावर पातळ पडदा लोंबायचा, आणि बुडाशी, मातीच्या आत, फाटक्या पिशवीसारखी वाटी असायची. वरून बघणाऱ्याला ती वाटी दिसत नाही. अंबुबाईच्या सासूनं तिला ते पहिल्याच पावसात दाखवलं होतं आणि सांगितलं होतं की ह्यानं एका घरातली तीन माणसं गेली.

अंबुबाई मला घेऊन स्टेशनावर बसायची. लोंढ्याहून येणारी गाडी थांबली की माणसं मला शोधत यायची. बेळगावचे लोक तिच्याकडूनच अळंबी न्यायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, विषारी तर नाहीत ना?" तेव्हा शेजारची मालुबाई स्वतःची भाजी सोडून म्हणाली, "अंबुबाईच्या बुट्टीतलं हाय न्हवं? मग डोळं झाकून खावा." मला फार अभिमान वाटला होता. आज ते शब्द आठवले की नकोसं होतं.

कारण मित्रांनो, पुढं अंबुबाईचेच डोळे गेले. एकदम नाही. आधी दिवा धुरकट दिसू लागला, मग सुईत दोरा जाईना. ती कुणाला बोलली नाही. तिच्या घरात ती एकटीच अडाणी होती. मुलगा विक्रम बेळगावच्या एका कारखान्यात लेथवर काम करत होता. सून सौम्या निपाणीची, बारावी शिकलेली, वाडीतल्या बायकांचे अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायची. अंबुबाईपाशी एकच विद्या होती आणि ती डोळ्यांची होती. ती गेली असं कसं सांगायचं? मग ती बोटांनी काम करू लागली. देठ चाचपायची, मूळ चाचपायची, टोपीचं टोक अंगठ्यानं दाबून बघायची. मुळासकट काढलेलं अळंबं तिच्या हाताला कधी चुकलं नाही. पण जंगलातल्या वाटेवर ती दोनदा पडली, आणि त्या पावसाळ्यात, आईचं वय झालं असं समजून, विक्रमनं तिला एकटीनं जायला बंदी केली. मी पडवीत खुंटीला लटकून राहिले. आषाढ निम्मा सरला तरी आमच्या घरी अळंबी आली नाहीत.

विक्रम मायाळू मुलगा होता. आई पाऊस पडला की दारात येऊन नुसती वास घेत उभी राहते, हे त्यानं बघितलं होतं. एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यानं आईला न सांगता मला खुंटीवरून काढलं. खुरपं त्यानं घेतलं नाही. स्वयंपाकघरातली सुरी घेतली. पाऊस कोसळत होता. त्यानं तीन वारुळं पाहिली, पण तिथली अळंबी इतरांनी आधीच खुडून नेली होती. चौथ्या वारुळापासून दहा पावलांवर, झाडांच्या सावलीत, पांढरी अळंबी रांगेनं उभी होती. विक्रम हसला. जवळच वारूळ आहे, म्हणजे ही वारुळाचीच, असं त्याला वाटलं असेल. त्यानं गुडघे टेकले आणि एकेक देठ जमिनीच्या वर, नीट, सुरीनं कापला. वाटेतल्या ओढ्यात त्यानं ती धुतली. देठांवरचे पातळ पडदे पाण्याबरोबर वाहून गेले. फक्त एक न उमललेली कळी त्याच्या बोटांनी मुळापासून उपटली गेली होती. ती माझ्या बुडाच्या फटीत रुतली. बाकीच्या अळंब्यांखाली ती कुणाला दिसली नाही.

मला समजलं होतं. इतकी वर्षं मी अंबुबाईच्या हाताखाली काढली होती.

घरी आल्यावर त्यानं मला आईच्या मांडीवर ठेवलं. तो नखशिखांत भिजला होता.

"आई, बघ काय आणलंय."

अंबुबाईनं हात घातला. तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिची बोटं एका देठाच्या टोकाशी थांबली. "मूळ कुठं हाय रं ह्याचं?"

"कापलं की. वारूळ मोडू नका म्हणून तूच सगळ्यांस्नी सांगत असतीस न्हवं?"

ती हसली. मग तिनं एक अळंबं डोळ्यांजवळ नेलं, आणखी जवळ नेलं. "खालनं कसला रंग हाय?"

"पांढरा. सगळी एकदम कवळी हायती."

तिचा अंगठा टोपीवर फिरला. टोक लागलं नाही. देठावर तिच्या बोटाला पातळ सालीचा एक तुकडा लागला. तिनं तो पान चिकटलंय असं समजून पुसला. तरी तिचा हात थांबलेला होता. किती वेळ, ते मला माहीत आहे, कारण तो माझ्या काठावर टेकलेला होता. "हे टाकून दे" एवढं म्हणायला पुरेल इतका वेळ. पण असं म्हणायचं तर आधी "मला दिसत नाही" असं म्हणावं लागलं असतं. आणि पोरगा कुडकुडत समोर उभा होता.

"डोकं पूस आधी," ती म्हणाली.

संध्याकाळी सौम्यानं भाजी केली. तिच्या मनात थोडी धाकधूक होती. शेजारच्या शामूनं तिला कधीतरी सांगितलं होतं की विषारी अळंबी चांदीला काळं करतात. तिनं आपलं एक पैंजण धुऊन पातेल्यात टाकलं. ते पांढरंच राहिलं. मग तिनं खोबरं आणि मसाला घालून कालवण उकळलं. चवीला ते फार चांगलं झालं असं तिघंही म्हणाले. विक्रमनं दोनदा वाढून घेतलं. सौम्यानं एकदा. अंबुबाईनं मुलाला पुरावं म्हणून दोन फोडींवरच भाकरी खाल्ली.

सोमवारी पहाटे विक्रमला पहिली उलटी झाली. मग सौम्याला. उजाडेपर्यंत तिघंही भिंतीला धरून परसात जात-येत होती. शामूनं आपल्या टेम्पोतून त्यांना खानापूरला नेलं. तिथं सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. मंगळवारी सकाळी विक्रम उठून बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "गेलं बघ सगळं. उद्या ड्युटीवर जातो." त्याच्या चेहऱ्यावर खरंच रंग आला होता. मंगळवारी दुपारी तिघं घरी परतली.

घरी आल्यावर अंबुबाईनं मला धुवायला घेतलं. तिचा हात माझ्या बुडाशी गेला आणि फटीतली कळी तिच्या बोटांना लागली. तिनं ती अलगद सोडवली. तिनं कळीच्या खालून अंगठा फिरवला. तिथं फाटक्या पिशवीसारखी वाटी होती.

मला पदराखाली धरून ती आत गेली. "विक्रम, सौम्या, उठा. बेळगावला जायाचं हाय, आत्ताच्या आत्ता."

"आई, मला बरं वाटतंय," विक्रम म्हणाला. "सौम्याला अजून मळमळतंय, तिला ने. मी उद्या तिकडंच कारखान्यात असतो की. लागलं तर येतो."

तिनं त्याचा हात धरला. तो तिला समजावत राहिला. ती त्याला कारण सांगेना, कारण सौम्या ऐकत होती, आणि कारण सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. शेवटी शामूनं टेम्पो काढला. अंबुबाई, सौम्या आणि मी गेलो. विक्रम दारात उभा राहून हात हलवत होता.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर समता नावाच्या बाई होत्या. त्या निपाणीच्याच. सौम्याचं माहेर ऐकून त्यांनी तिच्याशी आपल्या बोलीत बोलायला सुरुवात केली. "काय खाल्लंत? अळंबी? कच्चं एखादं शिल्लक हाय काय?"

अंबुबाईनं मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी कळी हातमोज्यानं उचलली, उलटी केली, सुरीनं उभी कापली. आत चिमुकली छत्री होती. त्या खुर्चीवर बसल्या.

"खाल्ल्यावर किती तासांनी उलट्या सुरू झाल्या?"

"रात्री खाल्लं, पहाटं सुरू झालं," सौम्या म्हणाली. "पण आता कमी हाय."

"कमी हाय हेच वाईट असतं ह्यात. दोन दिवस बरं वाटतं आणि आतनं यकृत जळत असतं. आणि कोण जेवलंय?"

"माझं पोरगं," अंबुबाई म्हणाली.

सौम्याला आणि अंबुबाईला लगेच भरती करून घेतलं. सौम्यानं विक्रमला फोन केला. गुंजीला रेंज नव्हती. शामू त्याला आणायला टेम्पो घेऊन माघारी निघाला, पण घाटातल्या पावसात झाड आडवं पडलं होतं. तो पोचला तेव्हा विक्रम पहाटेच्या गाडीनं कामावर गेलेला होता. कारखान्यात फोन कपाटात ठेवावा लागतो. दुपारी डबा खायला त्यानं कपाट उघडलं, तेव्हा फोनवर सौम्याचे एकोणीस कॉल होते. डबा त्याला गेलाच नाही. तो रिक्षानं दवाखान्यात आला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

मी सौम्याच्या खाटेखाली होते. तो आत आला, बायकोजवळ बसला आणि आईला म्हणाला, "मी आणलेलं व्हय गं ते?"

अंबुबाई म्हणाली, "न्हाय बाबा. तुझं काय चुकलं न्हाय."

शनिवारी सकाळी विक्रम गेला. चौतीस वर्षांचा होता. सौम्याचं यकृतही दुखावलं होतं, पण तिनं कमी खाल्लं होतं आणि तिच्यावर उपचार एक दिवस आधी सुरू झाले होते. डॉक्टर समतांनी तिला बारा दिवस ठेवून घेतलं. ती वाचली.

वाडीत आम्ही परतलो तेव्हा लोक घरासमोरून मान खाली घालून जायचे. मालुबाई एकदा आली आणि भांडी घासून गेली. काही पोरांनी पहारी घेऊन रागानं जवळची सगळी वारुळं फोडली, जणू दोष वारुळांचा होता. कुणीतरी म्हणालं, बुट्टी जाळून टाका. शामूनं मला उचललंही होतं. अंबुबाईनं मला त्याच्या हातून घेतलं.

तेराव्याचे पाहुणे गेले त्या दुपारी ती सौम्यासमोर बसली. मला तिनं मध्ये ठेवलं होतं.

"सौम्या, मला शंका आलती," ती म्हणाली. "हाताला मूळ लागलं न्हाय, टोक लागलं न्हाय. मला दिसत न्हाय वर्सभर. मी बोलले न्हाय."

सौम्यानं मला हातानं बाजूला सारलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"का बोलला न्हाय, आत्ती?"

"लाज वाटली."

सौम्या उठली. तिनं आपले कपडे पिशवीत भरले. संध्याकाळच्या गाडीनं ती माहेरी निपाणीला निघून गेली. अंबुबाई तिला अडवायला उठली नाही. त्या वर्षी तिनं दिवाळी केली नाही. मी चुलीमागच्या कोपऱ्यात पडून होते. माझ्यात जळणाच्या शेणी ठेवल्या, मग फुटकी कौलं ठेवली. झुरळांनी माझी सुतळी खाल्ली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणी पुन्हा मला हातात घेऊ नये असंच वाटत होतं.

पुढच्या वैशाखात सौम्या आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "चला, आत्ती. बेळगावला तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरवलंय. डॉक्टर समतांनी चिठ्ठी दिलीय."

अंबुबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ते नीट दिसतही नसेल. "मला माफ केलंस व्हय?"

"न्हाय," सौम्या म्हणाली. "माफीचं मला काय ठाव न्हाय. पण तुम्हाला दिसाय पायजे. तुम्हाला जे येतं ते आणि कुणाला येत न्हाय."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आषाढात एका सकाळी अंबुबाईनं कोपऱ्यातून मला काढलं, फुटकी कौलं बाहेर ओतली आणि माझं बूड शिवलं. खुरपं घेतलं. या वेळी सौम्या बरोबर होती. त्या चौथ्या वारुळापाशी आलो. वारूळ पोरांनी फोडलं होतं, तरी वाळवीनं ते गुडघाभर परत उभारलं होतं. दहा पावलांवर, झाडांच्या सावलीत, पांढरी अळंबी पुन्हा रांगेनं उभी होती.

अंबुबाई खाली बसली. तिनं एका देठाभोवतीची माती खुरप्यानं काढली. दोन बोटं खोल गेल्यावर पांढरी वाटी उघडी पडली. देठावर पडदा होता. टोपीला टोक नव्हतं. हे सगळं लखलखीत दिसत होतं. तिनं दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. मग तिनं खुरपं खाली ठेवलं.

"बघ की," ती म्हणाली. "एवढं ढळढळीत होतं गं."

तिथं, त्या चिखलात, ती विक्रमसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. दवाखान्यात रडली नव्हती, स्मशानाकडे जातानाही नव्हती. सौम्या थोडी लांब उभी होती. मग तीही येऊन शेजारी बसली. दोघींच्या मध्ये मी होते.

त्या दिवशी माझ्यातून चार विषारी अळंबी मुळासकट वाडीत आली. अंबुबाईनं ती ओसरीवर कागदावर मांडली आणि सगळ्यांना बोलावलं. शामू आला, मालुबाई आली, ज्यांनी वारुळं फोडली ती पोरंही आली. कुणी चांदीचं विचारलं, तेव्हा सौम्यानं पायातलं पैंजण दाखवलं आणि म्हणाली, "हे पांढरंच ऱ्हाईलं." मग अंबुबाईनं प्रत्येकाला हातमोजा घालायला लावून आळीपाळीनं एकेक अळंबं हातात दिलं आणि बुडाची वाटी चाचपायला लावली. नंतर ती चारही खड्डा करून पुरली.

आता मी वर्षातून एवढ्याच कामाला निघते. अंबुबाई अळंबी विकत नाही आणि खातही नाही. सौम्या निपाणीला एका शाळेत नोकरी करते आणि आषाढात चार दिवस येते. दोघी जेवताना फारसं बोलत नाहीत.

मित्रांनो, रानातलं जे तुम्हाला पुरतं ओळखता येत नाही, ते खाऊ नका. कुणी कापून, धुऊन, देखणं करून आणलं तरी खाऊ नका. जाणत्या माणसाला त्याचं मूळ दाखवा, आणि जाणत्यानं जरा हात थांबवला तरी ती भाजी चुलीवर चढू देऊ नका. खाऊन झालं असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका, उरलेलं अळंबं घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना दिसतं का, ऐकू येतं का, हे त्यांना लाज वाटणार नाही अशा रीतीनं विचारत जा. आमच्या घरात ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्या रविवारी आमच्याकडे साधं पिठलं झालं असतं आणि सोमवारी विक्रम सकाळच्या गाडीनं कामाला गेला असता.